स्मृतिभ्रंश आणि स्वावलंबन

स्मृतिभ्रंश हा एकच एक आजार नव्हे. मेंदूच्या निरनिराळ्या विकारांतून उद्भवणारा तो लक्षणसमूह आहे. स्मरणशक्ती, भाषा, स्थळकाळाचे भान आणि निर्णयक्षमता यांचा ऱ्हास होऊन दैनंदिन व्यवहारांत अडथळे येऊ लागले, की त्यास स्मृतिभ्रंश किंवा डिमेन्शिया म्हणतात. जर्मन मनोविकारतज्ज्ञ अलॉइस अल्झायमर यांनी १९०६ मध्ये ज्या विकाराचे वर्णन प्रथम मांडले, तो अल्झायमर हे त्याचे सर्वांत मोठे कारण होय. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका देशव्यापी अभ्यासानुसार भारतात साठ वर्षांवरील सुमारे ८८ लाख व्यक्ती, म्हणजे या वयोगटातील ७.४ टक्के लोक, स्मृतिभ्रंशासह जगत आहेत.

निदान झाले की घरात काळजीचे वातावरण पसरते. ‘आई, तू बस, मी करते’ किंवा ‘बाबा, तुम्ही आता बँकेत जाऊ नका’ असे म्हणत घरातील माणसे एकेक काम काढून घेतात. त्यामागे प्रेमच असते. परंतु जे काम रोज होत नाही, ते करण्याची क्षमता लवकर लोपते. परिणामी आजाराने जेवढे परावलंबन आणले असते, त्यापेक्षा अधिक परावलंबन मायेपोटी येते. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ टॉम किटवुड यांनी १९९७ मधील आपल्या ग्रंथात नेमके याकडेच लक्ष वेधले होते. शिल्लक असलेली क्षमता वापरू न देणे आणि प्रौढ माणसाला लहान मुलासारखे वागवणे, यामुळेही रुग्णाचे व्यक्तित्व खच्ची होते, असे त्यांचे प्रतिपादन होते.

काय हरवते, काय उरते?

अल्झायमरमध्ये प्रामुख्याने नव्या घटनांची नोंद ठेवणारा मेंदूचा भाग आधी बाधित होतो. त्यामुळे सकाळी कोण आले होते, हे आठवत नाही. मात्र हातांना सरावाने अंगवळणी पडलेली कौशल्ये बराच काळ टिकून राहतात. पोळी लाटणे, मटार सोलणे, फुलांचा हार करणे, कपड्यांच्या घड्या घालणे, पाठ असलेली आरती किंवा अभंग म्हणणे ही कामे नाव विसरलेली व्यक्तीही करू शकते. स्वावलंबन जपण्याची सुरुवात या उरलेल्या क्षमतेपासून करावी.

दैनंदिन कामांत मदत कशी करावी?

काम काढून घेण्याऐवजी त्याचे लहान टप्पे पाडावेत. ‘आंघोळ करून घ्या’ या एका वाक्यात प्रत्यक्षात दहा-बारा क्रिया दडलेल्या असतात. त्या एकेक करून सांगाव्यात, उत्तरासाठी थांबावे आणि जिथे अडते तिथेच हात द्यावा. कपडे घालण्याच्या क्रमाने मांडून ठेवावेत. नाडीऐवजी इलॅस्टिक, बुटांच्या लेसऐवजी चिकटपट्टी असे बदल केले, की बरीचशी अडचण दूर होते.

‘काय खाणार?’ या प्रश्नाने गोंधळ उडतो. ‘पोहे की उपमा?’ असे विचारल्यास निवड करता येते. चूक झाल्यास चारचौघांत दाखवून देऊ नये. मीठ थोडे जास्त पडले, तरी भाजी त्यांनी केली आहे, हे महत्त्वाचे.

घरातील रचना

वस्तूंच्या जागा वारंवार बदलू नयेत. कपाटांवर व खणांवर ठळक अक्षरांत किंवा चित्रांसह चिठ्ठ्या लावाव्यात. शौचालयाचे दार वेगळ्या रंगाचे असावे आणि रात्री तिथवर मंद दिवा असावा. गडद पायपुसणे खड्ड्यासारखे, तर चकचकीत फरशी ओली भासू शकते, म्हणून ती टाळावीत. मोठे घड्याळ आणि तारीख-वार दाखवणारे कॅलेंडर समोर ठेवावे. चष्मा आणि श्रवणयंत्र नीट आहे ना, हे तपासावे. न दिसणे वा न ऐकू येणे हे पुष्कळदा विसरणे समजले जाते.

धोका आणि स्वातंत्र्य

खरा पेच इथे आहे. एकट्याने फिरायला जाऊ द्यावे का? गॅस हाताळू द्यावा का? सरसकट बंदी आणि सरसकट मोकळीक, दोन्ही घातक. ओळखीचा एकच रस्ता ठरवावा. वाण्याला, सोसायटीच्या पहारेकऱ्याला कल्पना द्यावी. खिशात नाव व घरचा दूरध्वनी क्रमांक असलेले कार्ड ठेवावे. गॅस विसरला जात असेल, तर आपोआप बंद होणारी विद्युत शेगडी किंवा किटली वापरावी. पाकिटात थोडी रोकड असू द्यावी, मोठे व्यवहार मात्र विश्वासू व्यक्तीच्या देखरेखीखाली व्हावेत. धोका वाढेल तशी मोकळीक टप्प्याटप्प्याने कमी करावी आणि शक्य तेवढे त्या व्यक्तीशी बोलूनच ठरवावे.

एक सावधगिरी आवश्यक आहे. एक-दोन दिवसांत अचानक गोंधळ वाढला, तर तो आजाराचा पुढचा टप्पा समजू नये. जंतुसंसर्ग, शरीरातील पाण्याची कमतरता किंवा औषधांचा दुष्परिणाम यामुळेही असे होते. त्वरित डॉक्टरांना दाखवावे.

निर्णयाचा अधिकार

मानसिक आरोग्य कायदा, २०१७ नुसार आपल्यावर कोणते उपचार व्हावेत, कोणते होऊ नयेत, हे आधीच लिहून ठेवता येते आणि प्रतिनिधीही नेमता येतो. हा अधिकार उपचारांपुरता आहे. मालमत्तेसाठी दिलेले मुखत्यारपत्र मात्र देणाऱ्याची मानसिक क्षमता संपताच, करार कायद्याच्या कलम २०१ नुसार निष्प्रभ होते. म्हणून इच्छापत्र, बँक खात्यांची व्यवस्था ही कामे सुरुवातीच्या काळातच, त्या व्यक्तीच्या इच्छेनुसार पूर्ण करावीत.

काळजी घेणाऱ्यांना आधार

संयमाने मदत करण्यास वेळ लागतो आणि थकलेल्या माणसाकडे तो नसतो. गोव्यात तिसवाडी व बार्देश तालुक्यांत झालेल्या, २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात प्रशिक्षित स्थानिक कार्यकर्त्यांनी घरी जाऊन मार्गदर्शन केले, तेव्हा काळजीवाहकांचे मानसिक आरोग्य सुधारल्याचे आढळले. ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या १४५६७ या राष्ट्रीय मदतवाहिनीवरही मार्गदर्शन मागता येते. घरातील एकाच स्त्रीवर सारा भार न टाकता कामाची वाटणी करावी.

आजाराच्या अखेरच्या टप्प्यातही स्वावलंबन पूर्णपणे संपत नाही. चमचा त्यांच्या हातात देऊन त्यावर आपला हात ठेवावा, दोन साड्या समोर धरून कोणती नेसायची ते विचारावे. बोटाने दाखवलेली ती साडीच त्या दिवशी नेसवावी.