दिवा, घंटी आणि डावी बाजू

मौजे लोणी भापकर हे बारामती तालुक्याच्या जिरायती पट्ट्यातले गाव. मल्लिकार्जुनाचे प्राचीन देवालय, तेथील पुष्करिणी आणि यज्ञवराहाची मूर्ती पाहावयास जिज्ञासू येथवर येतात, परंतु ज्या वाटेने ते येतात तिचा इतिहास विचारणारा विरळाच. या वाटेवर सायकल येण्यापूर्वी बैलगाडीचा अंमल होता आणि तिचा शिष्टाचार कोणत्याही कचेरीने लावून दिलेला नव्हता: अंधार पडला की आखाखाली कंदील टांगावा, आणि समोरून भरली गाडी आली की रिकाम्या गाडीवाल्याने चाकोरी सोडून बैल कडेला घ्यावेत.

सायकल मात्र शहराकडून आली ती कायदा कॅरिअरला बांधूनच. पुण्यात नगरपालिकेचा कर भरून मिळालेला बिल्ला सायकलला लावावा लागे. रात्री दिवा नसला किंवा मागे कोणी डबलसीट बसलेले दिसले, तर चौकातला शिपाई अडवी, आणि दंडाच्या धास्तीने कित्येक सभ्य गृहस्थ चौक जवळ येताच खाली उतरून, जणू पायीच निघालो आहोत अशा थाटात, सायकल हाती धरून चालू लागत. मोटारीची व्यवस्था निराळी. १९१४ च्या, पुढे १९३९ च्या आणि अखेर १९८८ च्या कायद्याने तिच्या चालकास परवाना लागू ठेवला. पायाच्या बळावर चालणारी सायकल त्या कक्षेबाहेरच राहिली. मोटारवाल्याची परीक्षा सरकारने घेतली, सायकलवाल्याची रस्त्याने.

आणि त्या परीक्षेची तयारी होई ती तासाच्या भाड्याने आणलेल्या, वडीलमाणसाच्या उंचीच्या सायकलीवर. सीटपर्यंत पाय न पोचणारा दहा वर्षांचा मुलगा उजवा पाय दांडीखालून पलीकडच्या पायडलवर टाकी, डाव्या हाताने हँडल धरी आणि उजवा हात सीटभोवती आवळून, अंग एका बाजूस वाकवून हाफ पायडल मारीत निघे. या आसनात उजवीकडे वळण्याचा इशारा करावयास हात मोकळा नसतो, आणि मागे वळून पाहावे तर चाक हमखास नागमोडी जाते. आपल्याकडे घंटीला जे अवाजवी महत्त्व आले, त्याचे मूळ मला या हाफ पायडलमध्ये दिसते: पाहता येत नाही, हात दाखवता येत नाही, तेव्हा निदान वाजवावे! रस्ता सुरक्षा दलाने, म्हणजे आपल्या परिचयाच्या आर. एस. पी.ने, शाळेच्या मैदानावर चुन्याचे चौक आखून पोरांना हात दाखवण्याची कवायत शिकवली, ती या जुन्या सवयीवर उतारा म्हणून मोलाची खरी. पण मैदानावर मागून येणारी मोटार नसते.

कारखान्यांच्या गळीत हंगामात या तालुक्याच्या रस्त्यांवर मोटारीहून मोठा सोबती असतो: दोन ट्रॉल्या जोडलेला उसाचा ट्रॅक्टर. ट्रॅक्टरचे तोंड पुढे गेले म्हणून सायकलवाला रस्त्यावर परत वळतो, आणि मागची ट्रॉली अजून जायचीच असते; बाहेर आलेली उसाची वाढी खांद्याला घासून जातात. म्हणून जाणती माणसे पोरांना इतकेच बजावतात की, ट्रॅक्टर मोजू नका, ट्रॉल्या मोजा. सायंकाळी शाळेतून वस्तीकडे निघालेली मुलगी आवाज ऐकताच साइडपट्टीवर उतरते, दप्तर पुढे घेते आणि मनात एक, दोन म्हणून दुसरी ट्रॉली गेल्यावर धुरळा बसेपर्यंत तेथेच उभी राहते.