मोटारीचा भाव आणि वर्णभेद

कॅडिलॅक ही मोटार कृष्णवर्णीय गिऱ्हाइकास विकावयाची नाही, असे अमेरिकेतील जनरल मोटर्स कंपनीचे एके काळी धोरण होते, असे पीटर ड्रकर यांनी १९७९ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या आठवणींत नमूद केले आहे. कंपनीचे अधिकारी निकोलस ड्रेस्टाट यांना मंदीच्या वर्षांत असे आढळून आले की, दुरुस्तीस येणाऱ्या कॅडिलॅक गाड्यांचे पुष्कळ मालक कृष्णवर्णीयच आहेत. एखाद्या गोऱ्या माणसास पैसे देऊन त्याच्या नावावर ते गाडी घेत असत. मध्यस्थाच्या खिशात जाणारा हा पैसा कंपनीनेच का घेऊ नये, हा ड्रेस्टाट यांचा युक्तिवाद अखेर मान्य झाला. हकिकत आठवणीवर आधारलेली आहे, तेव्हा तिचे तपशील जपूनच घेतले पाहिजेत. परंतु तिच्यातील एक गोष्ट पुढील इतिहासाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. मध्यस्थास दिलेली रक्कम हा गाडीच्या किमतीवर बसलेला वर्णाचा अधिभार होता आणि तो देणाऱ्यास त्याचा आकडा ठाऊक होता.

पुढे उघड नकार मागे पडला. ‘एबनी’ या कृष्णवर्णीयांच्या मासिकाने १९४९ साली कॅडिलॅक-खरेदीवर संपादकीय लिहून तिचे समर्थन केले. ज्यांना चांगल्या वस्तीत घर मिळत नाही, त्यांनी मोटारीवर पैसा घालणे ही उधळपट्टी की आत्मसन्मान, हा वाद त्यामागे होता. गिऱ्हाइकाच्या वर्तनाचा अर्थ लावण्यास अशी पुष्कळ माणसे पुढे आली. विक्रेत्याच्या वर्तनाचा अर्थ लावण्याची गरज मात्र फारशी कोणास भासली नाही.

कायद्यातही हेच दिसते. १९६४ च्या नागरी हक्क कायद्याने उपाहारगृहे, हॉटेले, नाट्यगृहे व नोकऱ्या यांतील भेदास बंदी केली; १९६८ साली घरांचा प्रश्न हाती घेण्यात आला. दुकानातील घासाघिशीला लागू पडेल असा कायदा शोधावयाचा, तर १८६६ पर्यंत मागे जावे लागते. करार करण्याचा सर्व नागरिकांचा समान हक्क त्या कायद्याने मान्य केला होता. बाजारातील स्पर्धा असा भेद टिकू देणार नाही, ही समजूतही होतीच. गॅरी बेकर यांनी १९५७ च्या आपल्या ग्रंथात भेदाला एक ‘आवड’ मानले. जो व्यापारी ही आवड जोपासील त्यालाच तिची किंमत मोजावी लागेल, असा त्या विचाराचा रोख.

या समजुतीला धक्का बसला तो शिकागोत. कायद्याचे अभ्यासक इयन आयर्स यांनी तेथील मोटारविक्रेत्यांकडे परीक्षक-गिऱ्हाइके पाठविली. त्यांचे वय, शिक्षण व पोशाख सारखे ठेवले होते. काय बोलावयाचे, किती थांबावयाचे, आपला देकार किती वाढवावयाचा, हे सारे आधी ठरवून दिलेले होते. प्रयोगाचा हेतू परीक्षकांनाही सांगितला नव्हता. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, गोऱ्या पुरुषाकडून विक्रेता जेवढा नफा मागे, त्याहून गोऱ्या स्त्रीकडून ४० टक्के अधिक, कृष्णवर्णीय पुरुषाकडून दुपटीहून अधिक आणि कृष्णवर्णीय स्त्रीकडून तिपटीहून अधिक नफा मागितला गेला. पीटर सीगलमन यांच्यासह केलेल्या व १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या, ३०० हून अधिक जोडचाचण्यांच्या अभ्यासात हा क्रम बदलला. तेथे सर्वाधिक भार कृष्णवर्णीय पुरुषांवर पडला. त्यांना अखेरचा देकार गोऱ्या पुरुषांपेक्षा सुमारे १,१०० डॉलर अधिक मिळाला.

मग प्रश्न आला कारणाचा. द्वेष म्हणावा, तर पहिल्या अभ्यासात परीक्षकांना बहुधा त्यांच्याच वर्णाच्या व लिंगाच्या विक्रेत्याकडे वळविले जाई आणि तोच त्यांना अधिक वाईट भाव देई. एडमंड फेल्प्स यांनी १९७२ साली मांडलेल्या ‘सांख्यिकीय भेदा’ची कल्पना येथे अधिक जुळते. हा गिऱ्हाईक किती देईल, याचा अंदाज विक्रेता चेहऱ्यावरून करतो. तथापि आपली सामग्री कोणत्याही एकाच उपपत्तीस ठामपणे पाठिंबा देत नाही, हे लेखकद्वयाने प्रांजळपणे मान्य केले.

मराठीतील ‘भेदभाव’ हा शब्द येथे मोठा उद्बोधक ठरतो. त्यातील ‘भाव’ म्हणजे मनोवृत्ती. पण बाजारात गेले की तोच शब्द किंमत सांगतो. अमेरिकेतील वाद या दोन भावांचाच आहे. मनातला भाव सिद्ध झाल्याविना मालाच्या भावातील अन्याय मानावयाचा नाही, अशी अनेकांची भूमिका असते. विक्रेत्याला केवळ नफाच हवा होता, हे म्हणणे कारण म्हणून ग्राह्य असेलही; पण ते निरपराधित्वाचा पुरावा कसे ठरावे?

विरुद्ध बाजूचा पुरावा उपेक्षणीय नाही. पिनेलोपी गोल्डबर्ग यांनी ग्राहक-खर्चाच्या पाहणीतील प्रत्यक्ष सौदे तपासले, तेव्हा १९९६ च्या त्यांच्या लेखात वर्णानुसार सरासरी सवलतीत लक्षणीय फरक आढळला नाही. प्रारंभीचा देकार चढा असला, तरी पुष्कळजण तो घासाघीस करून खाली आणतात, असा याचा एक अर्थ होतो. तसे मानले, तरी समान भावापर्यंत पोचण्यासाठी एकास अधिक झगडावे लागते, हे उरतेच. सरासरीत हे श्रम दिसत नाहीत. फिओना स्कॉट मॉर्टन व त्यांच्या सहकाऱ्यांना २००३ साली असे आढळले की, प्रत्यक्ष दालनात कृष्णवर्णीय व हिस्पॅनिक गिऱ्हाइके सुमारे २ टक्के अधिक देत. इंटरनेटद्वारा चौकशी करून खरेदी करणाऱ्यांत हा फरक जवळजवळ नाहीसा होई. या फरकाचा बराचसा भाग उत्पन्न, शिक्षण व शोधाचा खर्च यांनी उलगडतो, असेही त्यांनी दाखविले.

अलीकडे वाद किमतीवरून कर्जाच्या व्याजाकडे सरकला आहे. सावकार संस्थेने ठरविलेल्या दरावर विक्रेता आपली वाढ चढवू शकतो. गिऱ्हाइकास दिसतो तो केवळ अंतिम दर. २०१३ साली अ‍ॅलाय या वित्तसंस्थेने शासनाशी ९.८ कोटी डॉलरची तडजोड केली. त्यात २,३५,००० हून अधिक ऋणकोंची भरपाई होती. ऋणकोच्या वर्णाची नोंद कर्जाच्या कागदपत्रांत नसल्याने शासनाने तो आडनाव व वस्ती यांवरून अनुमानिला होता. चेहऱ्यावरून अनुमान करणाऱ्या विक्रेत्याला पकडावयाचे, तर शासनालाही आडनावावरून अनुमान करावे लागले! टीकाकारांनी नेमके यावरच बोट ठेवले. या विषयीची २०१३ ची शासकीय मार्गदर्शिका अमेरिकन काँग्रेसने २०१८ साली रद्द केली. कर्जव्यवहारातील वर्णभेदास बंदी करणारा मूळ कायदा मात्र कायम राहिला.