हातातला जीपीएस विमानात नेता येतो का? घोळ होतो तो नावातल्या एका अक्षरामुळे

शहागडला जीपीएस काही नवीन राहिलेला नाही. धुळे-सोलापूर महामार्गावर धावणारी गाडी कुठवर पोचली, हे मालक घरबसल्या मोबाइलवर बघतो. ऑगस्ट २०२१ मध्ये ई-पीक पाहणी सुरू झाली. तेव्हापासून शेतकरी बांधावर उभं राहून पिकाचा फोटो काढतात आणि त्याच्याबरोबर अक्षांश-रेखांशही नोंदले जातात. मोजणीला येणाऱ्या भूकरमापकाच्या हातात आता साखळीऐवजी रोव्हर दिसतो.

समजा यातलंच कोणी लडाख किंवा सिक्कीमच्या ट्रेकला निघालं. डोंगरात रेंज नसते, म्हणून ऑनलाइन मागवलेलं, तळहाताएवढं जीपीएस यंत्र सॅकमध्ये टाकलं आणि चिकलठाणा विमानतळ गाठलं. सुरक्षा तपासणीच्या ट्रेमध्ये ते यंत्र ठेवल्यावर पुढे काय होईल?

उत्तर यंत्रावर अवलंबून आहे. फक्त सिग्नल घेणारं साधं जीपीएस असेल तर ते बहुतेक वेळा कॅमेऱ्यासारखंच तपासणीतून जातं. पण त्याच कंपनीचं, तसंच दिसणारं दुसरं मॉडेल असेल तर प्रवास पोलीस ठाण्यात संपू शकतो. गोव्यात हे घडलेलं आहे.

गोव्यात काय झालं होतं?

डिसेंबर २०२४ च्या पहिल्या पंधरवड्यात गोव्यातल्या दोन्ही विमानतळांवर एकेक प्रकरण झालं. दाबोळीवरून कोचीला निघालेल्या एका कॅनेडियन धावपटू महिलेनं आपलं ‘गार्मिन इनरीच’ स्वतःच तपासणीच्या ट्रेमध्ये ठेवलं. लपवण्यासारखं काही आहे, हे तिच्या गावीही नव्हतं. तिला बाजूला घेण्यात आलं, पोलिसांत प्रकरण गेलं आणि कोर्टाची पायरी चढावी लागली. दंड किरकोळ होता. पण विमान हुकलं, वकील करावा लागला.

त्याच सुमारास मोपाच्या मनोहर विमानतळावरून दोहाला जाणाऱ्या एका चेक नागरिकावर गुन्हा नोंदवला गेला. बातम्यांमध्ये त्याच्या यंत्राचं नाव ‘गार्मिन एज ५४०’ असं आलं. हे नाव लक्षात ठेवण्यासारखं आहे, कारण एज ५४० हा सायकलच्या हँडलवर लावायचा छोटा संगणक असतो. उपग्रहाला संदेश पाठवण्याची सोय त्यात नाही.

दोघंही गोव्यातून बाहेर पडताना अडकले, येताना नाही. ‘आणताना कोणी काही बोललं नाही’ हा युक्तिवाद म्हणूनच कामाला येत नाही.

ऐकणारं यंत्र आणि बोलणारं यंत्र

जीपीएसचे उपग्रह पृथ्वीपासून साधारण २०,२०० किलोमीटर उंचीवरून सतत वेळ आणि स्वतःची जागा सांगत फिरत असतात. खालचं यंत्र निदान चार उपग्रहांचं बोलणं ऐकतं, कोणाचा सिग्नल किती उशिरा आला ते मोजतं आणि आपण कुठे आहोत याचं गणित स्वतःच सोडवतं. शहागडच्या पुलावर कोणी जीपीएस धरून उभं आहे, हे त्या उपग्रहाला कळतही नाही. आकाशवाणी ऐकणाऱ्याचा पत्ता जसा आकाशवाणीला माहीत नसतो, तसंच हे.

इनरीचसारखी यंत्रं मात्र बोलतात. त्यांच्यात जीपीएस असतोच, शिवाय इरिडियम कंपनीच्या उपग्रहांमार्फत संदेश पाठवायची आणि संकटात एसओएस द्यायची सोय असते. परदेशात गिर्यारोहक ती जीवरक्षक म्हणून जवळ बाळगतात. भारतीय कायद्याच्या नजरेत मात्र ती सॅटेलाइट फोनच्या पंगतीत बसतात.

आता ते एक अक्षर. गार्मिनचं ‘जीपीएसमॅप ६७’ हे ऐकणारं यंत्र आहे, तर ‘जीपीएसमॅप ६७आय’ बोलणारं. ‘मोंटाना ७००’ ऐकतं, ‘मोंटाना ७००आय’ बोलतं. मॉडेलच्या शेवटी असलेला हा आय म्हणजे इनरीच. दुकानातल्या फोटोत ही जोडी जुळ्या भावंडांसारखी दिसते. ट्रेकिंगवाल्यांमध्ये लोकप्रिय असलेलं ‘ईट्रेक्स’ फक्त ऐकणारं आहे. महागड्या घड्याळांकडेही लक्ष असू द्या: ‘फेनिक्स ८ प्रो’मध्ये २०२५ पासून इनरीच आलं आहे. मनगटावरचं घड्याळ आपण ‘उपकरण’ समजत नाही, म्हणून ते विसरलं जातं.

कायदा नेमका काय म्हणतो?

यामागे दोन जुने कायदे आहेत: १८८५ चा टेलिग्राफ कायदा आणि १९३३ चा वायरलेस टेलिग्राफी कायदा. दुसऱ्यानुसार परवान्याशिवाय बिनतारी यंत्र नुसतं बाळगणं हादेखील गुन्हा ठरतो. यंत्र चालू होतं की बंद, सबस्क्रिप्शन भरलं होतं की संपलं होतं, हा प्रश्न नंतरचा. २०२३ चा नवा दूरसंचार कायदा टप्प्याटप्प्यानं लागू होतो आहे, पण गोव्यातल्या कारवाया या जुन्याच कायद्यांखाली झाल्या.

१९३३ च्या कायद्यात ‘बिनतारी संपर्क’ याची व्याख्या बरीच ऐसपैस आहे. सिग्नल पाठवणं त्यात येतंच, सिग्नल घेणंही येतं. एके काळी घरातल्या रेडिओलासुद्धा परवाना लागायचा आणि त्याची फी पोस्टात भरावी लागायची, ती याच काळातली गोष्ट. जुन्या ट्रंकेत आजोबांची ती पुस्तिका अजूनही एखाद्याला सापडते. ऐंशीच्या दशकात रेडिओचा परवाना गेला. मोबाइलमधल्या जीपीएससाठी आज कोणी कोणाला अडवत नाही, उलट सरकारी अ‍ॅपच लोकेशन चालू करा म्हणतं. पण काउंटरवरच्या अधिकाऱ्याला ‘हे सॅटेलाइटचं यंत्र दिसतंय’ अशी शंका आली, तर फक्त ऐकणारं यंत्र असलेल्या माणसालाही खुलासा देत बसावं लागतं. एज ५४० चं प्रकरण त्याचाच नमुना आहे.

या कडकपणाला मुंबईचा संदर्भ आहे. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यासाठी दहशतवादी समुद्रातून आले. त्यांनी बळकावलेल्या ‘कुबेर’ ट्रॉलरवर तपास यंत्रणांना सॅटेलाइट फोन आणि जीपीएस यंत्र दोन्ही सापडली. २०१२ मध्ये नौवहन महासंचालनालयानं भारतीय सागरी हद्दीत थुराया आणि इरिडियम फोन वापरण्यावर बंदी घातली. जानेवारी २०२५ मध्ये डीजीसीएनं विमान कंपन्यांना सांगितलं की सॅटेलाइट फोनवरच्या बंदीची माहिती प्रवाशांना द्या, विमानात घोषणाही करा. त्याच महिन्यात पुदुच्चेरी विमानतळावर एका अमेरिकी डॉक्टर महिलेकडे इरिडियम फोन सापडला होता.

अमेरिकेनं तर जून २०२५ मध्ये आपल्या नागरिकांना सरसकट बजावलं: भारतात जाताना सॅटेलाइट फोन किंवा जीपीएस उपकरण नेऊ नका, २ लाख डॉलरपर्यंत दंड किंवा ३ वर्षांपर्यंत तुरुंगवास होऊ शकतो. प्रत्येकाच्या फोनमध्ये जीपीएस असताना ‘जीपीएस नेऊ नका’ हे वाक्य शब्दशः घेता येत नाही. तरी ज्यांची मुलं-सुना अमेरिकेत आहेत त्यांनी दिवाळीला येणाऱ्यांच्या कानावर एवढं जरूर घालावं की हायकिंगचं ते छोटं नारिंगी यंत्र तिकडेच ठेवून या.

घरातून निघण्यापूर्वी

शहागड ते चिकलठाणा हा रस्ता तासाभरापेक्षा जास्तच. तपासणीत यंत्र अडलं आणि सोडायला आलेला पाहुणा पाचोडपर्यंत परत पोचलेला असला, तर ते द्यायचं कोणाकडे? म्हणून शंकेचं निरसन घरीच झालेलं बरं.

मॉडेलचं पूर्ण नाव खोक्यावर बघा. शेवटी आय असेल, कुठेही इनरीच, इरिडियम, सॅटेलाइट मेसेंजर किंवा सॅटेलाइट एसओएस असं लिहिलेलं असेल, तर यंत्र घरी ठेवा. परवाना मिळवण्याचा मार्ग दूरसंचार विभागाकडून जातो आणि तो सुट्टीतल्या ट्रेकसाठी नाही. वॉकीटॉकी जोडलेली मॉडेलं आणि मोजणीचे रेडिओ-मोडेम असलेले रोव्हर हेही बोलणारेच. कामासाठी न्यायचे असतील तर त्यांचे कागद सोबत हवेत.

यंत्र फक्त ऐकणारं असेल, तर कंपनीच्या वेबसाइटवरचं त्याचं माहितीपान छापून जवळ ठेवा आणि विमान कंपनीला आधी ईमेलवर विचारा. लेखी उत्तर मोबाइलमध्ये असलं की बोलणं सोपं जातं. अर्थात, तपासणीच्या जागी शेवटचा शब्द सुरक्षा कर्मचाऱ्याचाच. ‘हे काय आहे?’ असं विचारल्यावर ‘सॅटेलाइटचं आहे’ असं अर्धवट उत्तर देऊ नका. रस्ता दाखवणारा जीपीएस आहे, यातून मेसेज जात नाही, एवढं स्पष्ट सांगा.

यंत्र केबिन बॅगेतच ठेवायचं. आतली लिथियम बॅटरी छोटी असते, १०० वॉट-तासांच्या मर्यादेच्या कितीतरी खाली. पण सुटी लिथियम बॅटरी आणि पॉवर बँक चेक-इन सामानात चालत नाहीत. ईट्रेक्सच्या काही मॉडेलना दोन एए सेल लागतात. जादाचे सेल खिशात खुळखुळत न ठेवता छोट्या डबीत ठेवा. सुटे सेल काढून ठेवायला लावले, तर वाद घालू नका. लेह असो वा गंगटोक, सेल बाजारात मिळतात.

विमानात चालू करता येतं का?

२०१४ पासून डीजीसीएनं फ्लाइट मोडमध्ये उपकरणं वापरायला परवानगी दिली आहे. प्रत्यक्षात काय चालेल ते विमान कंपनी ठरवते, म्हणून आधी केबिन क्रूला विचारावं. उड्डाण आणि उतरणं यांच्या वेळी यंत्र आत ठेवलेलंच बरं. पुण्याचं लोहगाव हवाई दलाचं आणि गोव्याचं दाबोळी नौदलाचं, म्हणून तिथे जास्तच जपून. मे २०२५ मध्ये डीजीसीएनं संरक्षण दलांच्या विमानतळांवर, विशेषतः पश्चिम सीमेकडच्या, १० हजार फुटांखाली खिडकीचे पडदे बंद ठेवायला सांगितलं होतं.

परवानगी मिळाली तरी मधल्या सीटवर यंत्र मुकंच राहतं. विमानाचं धातूचं कवच सिग्नल अडवतं, तो मिळतो खिडकीतूनच. ‘विमान आकाशात, म्हणजे उपग्रहाच्या जवळ’ असं वाटतं खरं. पण २०,२०० किलोमीटरमधले १० कमी झाले तर काय फरक पडणार? शिवाय प्रत्येक उपग्रह स्वतःची अचूक जागा सांगायला सुमारे अर्धा मिनिट घेतो आणि तेवढा वेळ सिग्नल सलग लागतो. ताशी ८०० किलोमीटर वेगात, एवढ्याशा खिडकीतून ते जमत नाही. अनुभवी लोक टर्मिनलच्या बाहेर, मोकळ्या आभाळाखाली यंत्र एकदा चालू करून जागा पकडू देतात. मग वर गेल्यावर त्याला उपग्रह पटकन सापडतात.

उंचीच्या आकड्यानंही गोंधळू नये. काही यंत्रं हवेच्या दाबावरून उंची काढतात. केबिनमधला दाब साधारण १,८०० ते २,४०० मीटर उंचीवर असतो तेवढा राखलेला असतो, त्यामुळे विमान १० किलोमीटरवर असताना यंत्र तुम्हाला महाबळेश्वरपेक्षा थोडं वर बसवतं.

सामान्य माणसाच्या हातात जीपीएस आला, त्यामागेही एक विमानच आहे. १ सप्टेंबर १९८३ ला कोरियन एअरलाइन्सचं विमान वाट चुकून सोव्हिएत हद्दीत शिरलं आणि पाडलं गेलं. २६९ जण गेले. त्यानंतर अमेरिकेचे अध्यक्ष रेगन यांनी जीपीएस नागरी वापरासाठी खुला करण्याची घोषणा केली. तरी नागरी सिग्नलमध्ये मुद्दाम चूक मिसळलेली असायची. ती मे २००० मध्ये बंद झाली आणि हातातल्या यंत्राची अचूकता शंभरेक मीटरवरून दहा-वीस मीटरपर्यंत आली.

आणि उतरल्यावर ट्रिप मीटर आठवणीनं शून्यावर आणा. नाहीतर ट्रेकच्या नोंदीत ‘सर्वाधिक वेग: ताशी ८०० किलोमीटर’ असं झळकेल, आणि ग्रुपवर स्क्रीनशॉट टाकल्यावर उत्तरं देत बसावं लागेल.