संगणकाच्या डोक्यावरचा पंखा

मी शाळेत होतो त्या काळी, म्हणजे १९९३-९४ च्या सुमारास, संगणकाच्या खोलीत जायचे तर चपला बाहेर काढाव्या लागत. खोलीला वातानुकूलन यंत्र असे, खिडक्या बंद असत आणि जाड पडदे सोडलेले असत. देवघरात जावे तसे आम्ही रांगेने आत जात असू. हे सारे संगणकाच्या मानमरातबासाठी चालले आहे, असेच आम्हाला वाटे. त्यामागे धूळ आणि उष्णता या दोन साध्या गोष्टी होत्या, हे पुष्कळ उशिरा कळले.

आज संगणक घराघरांत आहे. तो साध्या पंख्याखाली चालतो, कधी पत्र्याच्या छपराखालीही चालतो. हे शक्य होण्याच्या अनेक कारणांपैकी एक म्हणजे प्रोसेसरच्या डोक्यावर बसवलेला तळहाताएवढा पंखा आणि त्याखालचा अ‍ॅल्युमिनियमचा कंगोरेदार ठोकळा. बऱ्याच प्रोसेसरांबरोबर तो खोक्यातच मिळतो. दुकानदार त्याला 'स्टॉक कूलर' म्हणतात.

२०२२ सालच्या एप्रिलमध्ये विदर्भातील एका तालुक्याच्या गावाहून माझ्या एका शिक्षक स्नेह्यांचा फोन आला. शाळेतील दहा-बारा वर्षांचे जुने संगणक सकाळी बरे चालत, पण अकरा वाजून गेले की कासवगतीने सरकू लागत. एका विक्रेत्याने निदान केले होते: "खोक्यातला कूलर मुळातच कामाचा नसतो. सगळे कूलर बदला, नाहीतर संगणकच नवे घ्या." शाळेजवळ दोन्हींसाठी पैसे नव्हते. "सर, खोक्यातला कूलर खरेच पुरत नाही का?" असा त्यांचा प्रश्न होता. त्याचे उत्तर द्यायचे तर थोडे मागे जावे लागते.

खोलीभर उष्णता

अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात तयार झालेला 'एनिॲक' हा संगणक १९४६ साली जगापुढे आला. त्यात सुमारे १८,००० निर्वात नलिका होत्या आणि त्याला सुमारे १५० किलोवॅट वीज लागे. निर्वात नलिकेतील तार तापल्याशिवाय इलेक्ट्रॉन बाहेर पडत नाहीत. म्हणजे उष्णता ही तिथे कामाची अटच होती. ती खोलीबाहेर घालवण्यासाठी मोठमोठे पंखे लावावे लागले.

१९४७ साली ट्रान्झिस्टरचा शोध लागला आणि तापलेल्या तारेची गरज संपली. १९७१ साली इंटेल कंपनीने '४००४' हा पहिला प्रोसेसर बाजारात आणला. त्यात २,३०० ट्रान्झिस्टर होते. १९८१ साली आयबीएमचा वैयक्तिक संगणक आला, तेव्हा त्यातील प्रोसेसर उघडाच बसवलेला असे. त्याच्या डोक्यावर ना ठोकळा, ना पंखा. संगणकात पंखा होता, पण तो वीजपुरवठ्याच्या डब्यात. १९८९ च्या '४८६' मध्ये १२ लाख ट्रान्झिस्टर झाले. त्याच्या पुढच्या वेगवान आवृत्त्यांवर धातूचे ठोकळे आणि छोटे पंखे दिसू लागले. १९९३ च्या पहिल्या पेंटियममध्ये ३१ लाख ट्रान्झिस्टर होते आणि तो १६ वॅटपर्यंत उष्णता देई. तेव्हापासून डोक्यावरचा पंखा ही नेहमीची बाब झाली.

ठोकळा काय करतो?

कपातला चहा आपण बशीत ओततो. पृष्ठभाग वाढला की उष्णता लवकर निघून जाते, हे त्यामागचे एक तत्त्व. (चहाच्या बाबतीत बाष्पीभवनाचाही मोठा हात असतो, कूलरमध्ये तो नसतो, मुलांना हा फरक जरूर सांगावा.) प्रोसेसरचा खरा तुकडा बोटाच्या नखाएवढा. तेवढ्या जागेतून उष्णता हवेत जाणे कठीण. म्हणून ती आधी धातूच्या ठोकळ्यात वहनाने पसरवायची, ठोकळ्याला पातळ पाकळ्या करून त्याचा पृष्ठभाग कित्येक पटींनी वाढवायचा आणि पंख्याने त्या पाकळ्यांमधली गरम हवा सतत हटवायची. प्रोसेसर आणि ठोकळा यांचे पृष्ठभाग डोळ्यांना गुळगुळीत दिसले तरी त्यांच्यामध्ये हवेचे सूक्ष्म कप्पे राहतात, आणि हवा ही उष्णतेची फार मंद वाहक आहे. ते कप्पे भरण्यासाठी मध्ये एक विशिष्ट पेस्ट लावतात.

१९७४ चा नियम आणि २००४ चे वळण

ट्रान्झिस्टर लाखांनी वाढले, तर उष्णताही लाखपट का वाढली नाही? याचे उत्तर आयबीएममधील रॉबर्ट डेनार्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७४ साली दिले होते. ट्रान्झिस्टर लहान करताना त्याच प्रमाणात विद्युतदाबही कमी केला, तर तेवढ्याच क्षेत्रफळात जास्त ट्रान्झिस्टर, तेही जास्त वेगाने, चालवूनही दर चौरस सेंटिमीटरमागे उष्णता तेवढीच राहते. कारण चालू-बंद होताना लागणारी शक्ती विद्युतदाबाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. पहिला पेंटियम ५ व्होल्टवर चाले. २००४ पर्यंत हा आकडा सुमारे १.४ वर आला.

परंतु दाब असा कायम उतरवत नेता येत नाही. दाब फार कमी केला, की बंद असलेला ट्रान्झिस्टर पूर्ण बंद होत नाही. बंद करूनही ठिबकणाऱ्या नळासारखा त्यातून प्रवाह गळत राहतो. त्यातच विद्युतरोधक थर काही अणूंच्या जाडीइतका पातळ झाला आणि तिथूनही गळती सुरू झाली. शिवाय तापमान वाढले की गळती वाढते, आणि गळती वाढली की तापमान वाढते.

२००१ साली इंटेलचे पॅट्रिक गेल्सिंगर यांनी एका परिषदेत इशारा दिला होता, की हा क्रम असाच चालू राहिला तर प्रोसेसरची उष्णताघनता अणुभट्टीच्या आणि पुढे रॉकेटच्या नळकांड्याच्या पातळीवर जाईल. २००४ च्या 'प्रेस्कॉट' पेंटियमने त्याची चुणूक दाखवली. सव्वा चौरस सेंटिमीटरही नसलेल्या तुकड्यातून १०० वॅटहून अधिक उष्णता निघू लागली. तुलनेसाठी घरची इस्त्री घ्या. १,००० वॅट आणि तळ सुमारे २०० चौरस सेंटिमीटर, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला ५ वॅट. प्रेस्कॉटचा आकडा ९० च्या आसपास जातो.

त्याच वर्षी मे महिन्यात इंटेलने 'तेजस' हा पुढचा प्रोसेसर रद्द केला आणि वेग वाढवत नेण्याऐवजी एकाच तुकड्यावर दोन गाभे बसवण्याचा मार्ग धरला. (कामाची अशी वाटणी पुण्याच्या सी-डॅकने १९९१ सालीच 'परम ८०००' मध्ये केली होती, कारण मात्र वेगळे होते.) २००६ सालचे 'कोअर २ ड्युओ' बहुतांशी ६५ वॅटचे होते. कूलरवरचा भार कमी झाला तो असा.

जळणे आणि मंदावणे

याच काळात आणखी एक बदल घडला, आणि आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने तो अधिक महत्त्वाचा आहे. २००१ साली एका चाचणीत चालू संगणकांच्या प्रोसेसरवरचे कूलर काढून पाहण्यात आले. एएमडीचा अ‍ॅथलॉन प्रोसेसर क्षणात धूर सोडून जळाला. पेंटियम ४ मात्र मंदावला, पण जिवंत राहिला. त्याच्या आत तापमान मोजणारी व्यवस्था होती आणि मर्यादा ओलांडली की तो आपणहून कामाचा वेग कमी करी. पुढे सर्वच प्रोसेसरांनी ही शहाणीव अंगी बाणवली.

यामुळे प्रोसेसर वाचला, पण निदान अवघड झाले. पूर्वी कूलर अपुरा पडला तर संगणक बंद पडे, आणि बिघाड आहे हे कोणालाही कळे. आता संगणक चालूच राहतो, फक्त हळू होतो. मग मालकाला वाटते, की यंत्र म्हातारे झाले.

मग पुरतो की नाही?

थोडे गणित करू या. समजा, एखादा कूलर दर वॅटमागे तापमान ०.५ अंश सेल्सिअसने वाढू देतो आणि प्रोसेसर ६५ वॅटचा आहे. ही वाढ ३२.५ अंश झाली. कॅबिनेटमधील हवा खोलीपेक्षा ७ अंशांनी गरम धरली, तर २७ अंशांच्या खोलीत प्रोसेसर ६६.५ अंशांवर राहील. अगदी निर्धास्त. खोली ४२ अंशांवर गेली तर ८१.५. तरीही चालेल, कारण अनेक प्रोसेसरांची मर्यादा १०० अंशांच्या आसपास असते.

आता पाकळ्यांत धूळ बसली आणि पेस्ट वाळली, म्हणून ०.५ चे ०.८ झाले असे समजा. वाढ ५२ अंश. हिवाळ्यात बेरीज ८६ होते आणि कोणाला काही कळत नाही. उन्हाळ्यात ती १०१ होते, आणि प्रोसेसर स्वतःला आवरू लागतो. सकाळी बरा आणि दुपारी मंद, याचा अर्थ इथे लागतो.

कूलर बनवणारा काही गोष्टी गृहीत धरतो. पेंटियम ४ च्या खोक्यातील कूलरसाठी इंटेलच्या तांत्रिक पुस्तिकेत पंख्यात शिरणाऱ्या हवेची कमाल मर्यादा ३८ अंश दिली होती. नागपूर-अकोल्याच्या मे महिन्यात खोलीचीच हवा त्यापलीकडे जाऊ शकते. म्हणजे पुरतो की नाही, हा प्रश्न एकट्या कूलरचा नाही. खोलीचा, धुळीचा आणि कामाचाही आहे.

कामाचा मुद्दा अलीकडे वाढला आहे. २०२२ च्या कोअर आय५-१२४०० वर ६५ वॅट लिहिलेले असते, पण वेगाच्या भरात तो ११७ वॅटपर्यंत जाऊ शकतो. पत्र लिहिणे, हिशेब, इंटरनेट यांत असा भर काही सेकंदांचाच असतो, आणि तेवढी उष्णता ठोकळा पोटात घेतो. पण तासन् तास चित्रफितींचे संपादन करायचे असेल तर खोक्यातला कूलर अपुरा पडेल. उत्पादकांनाही हे ठाऊक आहे. २०१५ पासून इंटेलने आपल्या वेग वाढवता येणाऱ्या प्रोसेसरांबरोबर कूलर देणेच बंद केले. साध्या घरगुती आणि शालेय कामाला मात्र खोक्यातला कूलर, स्वच्छ असेल तर, पुरतो.

शाळेतील एक कॅबिनेट आम्ही फोनवर बोलत बोलतच उघडले. पाकळ्यांवर धुळीचा नमदा बसला होता. पेस्ट खडूसारखी वाळली होती. चारपैकी एक प्लॅस्टिकची खुंटी नीट बसलेलीच नव्हती, त्यामुळे ठोकळा एका बाजूने उचललेला होता. वीज काढून, पंख्याचे पाते बोटाने धरून रंगाच्या कोरड्या ब्रशने सफाई झाली; नवी पेस्ट लावली; खुंटी 'टक्' असा आवाज येईपर्यंत दाबली. संगणक दुपारीही चालू लागला. उरलेले विद्यार्थ्यांनी सरांच्या देखरेखीखाली चार दिवसांत उरकले. दोन संगणकांचे पंखेच गेले होते, तेवढे बदलावे लागले. कूलर किंवा संगणक एकही विकत घ्यावा लागला नाही.

वर्गात एक प्रयोग करून पाहा. झाकणाच्या दोन सारख्या स्टीलच्या डब्यांत सारखेच गरम पाणी घ्या. एका डबीभोवती कापसाचा पातळ थर गुंडाळा. दोन्ही टेबलफॅनसमोर ठेवून दर दोन मिनिटांनी तापमान मोजा आणि आलेख काढा. दोन रेषांमधले अंतर म्हणजे धुळीची किंमत. आम्हाला चपला बाहेर का काढायला लावत, हे तो आलेख मुलांना सांगेल.