पॉप्लर चित्रमालिका

फ्रेंच दृक्प्रत्ययवादी चित्रकार क्लोद मोने (१८४०–१९२६) यांनी १८९१ च्या उन्हाळ्यात व शरदात रंगवलेली वृक्षचित्रांची मालिका. माध्यम कॅनव्हासवर तैलरंग. चित्रांची संख्या साधारणपणे २३ किंवा २४ मानली जाते. गवताच्या गंजींच्या मालिकेनंतरची व रूआं कॅथीड्रलच्या मालिकेआधीची ही निर्मिती आहे.

स्थळ व लिलाव : झिव्हर्नी येथील मोने यांच्या घरापासून सुमारे दोन किमी. अंतरावर, लीमे गावाजवळ एप्त नदीकाठी पॉप्लरची रांग होती. नदी वळे तशी रांगही वळत जाई. झाडे ग्रामसंस्थेच्या मालकीची होती. चित्रे अपुरी असतानाच ती लिलावात निघाली आणि मुदतवाढीची मोने यांची विनंती फेटाळली गेली. तेव्हा त्यांनी एका लाकूड व्यापाऱ्याशी ठराव केला : व्यापाऱ्याने बोली लावावी, त्याच्या मर्यादेपलीकडची रक्कम मोने भरतील आणि मोबदल्यात काही महिने झाडांवर कुऱ्हाड पडणार नाही. मालिका पुरी झाली ती या व्यवहारामुळे.

चित्रणपद्धती : मोने होडीत बसून रंगवत. नजर पाण्यालगत असल्याने झाडे अधिकच उंच भासतात. अनेक कॅनव्हास उभे ठेवता यावेत म्हणून होडीत खाचा केलेल्या होत्या. उजेड बदलला की हातातला कॅनव्हास ठेवून त्या उजेडाचा दुसरा काढायचा. झिव्हर्नीतील त्यांच्या शेजारी, अमेरिकन चित्रकार लिला कॅबट पेरी यांच्या आठवणींनुसार, एका चित्रातील प्रकाश जेमतेम सात मिनिटे टिके. ठरावीक पानावरून ऊन सरकले की त्या चित्राचे काम थांबे.

रचना : मालिकेचे खरे मोल येथे आहे. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयातील ‘चार झाडे’ हे चित्र जवळजवळ चौरस (सुमारे ८२ सेंमी.) आहे. त्यात शेंडे दिसतच नाहीत. चार खोडे वरच्या कडेला तुटतात, काठाची आडवी पट्टी ओलांडून प्रतिबिंबांच्या रूपाने खालच्या कडेपर्यंत उतरतात. खोड कुठे संपते व पाणी कुठे सुरू होते, हे केवळ त्या पट्टीवरून कळते. इतर चित्रांत मागची रांग नागमोडी वळत आकाशात चढते. पॅरिसच्या ओर्से संग्रहालयातील चित्रात वाऱ्याने झुकलेले शेंडे तुटक, तिरक्या फटकाऱ्यांत आले आहेत.

अर्थ : फ्रेंच राज्यक्रांतीत पॉप्लर हा स्वातंत्र्यवृक्ष होता, त्यावरून काही अभ्यासक मालिकेला राष्ट्रीय आशय जोडतात. जपानी मुद्राचित्रांचा प्रभावही सांगितला जातो.

प्रदर्शन : १८९२ मध्ये पॅरिस येथे द्युराँ-र्युएल यांच्या कलादालनात १५ चित्रे मांडली गेली. एकाच विषयाला पूर्णतः वाहिलेले मोने यांचे हे पहिले प्रदर्शन होय.

संग्रह : न्यूयॉर्क, फिलाडेल्फिया, लंडन, पॅरिस, टोकिओ इ. ठिकाणी चित्रे विखुरलेली आहेत. सुट्या चित्रातून मालिकेची कल्पना येत नाही. झाडे तीच राहून उजेडाने चित्र कसे पालटते, हे किमान दोन चित्रे शेजारी ठेवल्यावरच उमगते.