लाळेची शंभर वर्षं

परवा मामाकडे जेवायला गेलो होतो. जिभेच्या कॅन्सरसाठीचं त्याचं रेडिएशन संपून आठ महिने झालेत. रिपोर्ट क्लीन. सगळे म्हणतात, सुटला. पण ताटात काय, तर गुरगुट्या भात, पातळ वरण आणि शेजारी पाण्याचा तांब्या. प्रत्येक घासाला एक घोट. वाटीभर भाताला पाऊण तास. लग्नाच्या पंगतीला तर आता बसतच नाही, आहेर देऊन परत येतो.

"रिपोर्ट चांगले आलेत, आता जरा मनावर घ्या की," मामी वैतागून म्हणाली. मामा गप्प.

डिस्चार्जच्या कागदावर याबद्दल दोनच शब्द होते : मऊ आहार.

मग घरी येऊन सवयीप्रमाणे शोधायला बसलो, की हा 'बग' पहिल्यांदा सापडला कधी? आणि उडालोच. १९११ साली!

फ्रान्समधल्या बोर्दो शहरात ज्यां बर्गोनिए नावाचे डॉक्टर होते. १९०६ मध्ये त्यांनी आणि त्रिबोंदो यांनी एक नियम मांडला. ज्या पेशी भराभर विभागतात, त्यांच्यावर किरणांचा मारा जास्त बसतो. कॅन्सरच्या पेशी तशाच. तोंडाच्या आतल्या अस्तराच्या पेशीही तशाच, म्हणून उपचार चालू असताना तोंड सोलवटून निघतं. पण त्याच वेगामुळे ते काही आठवड्यांत भरूनही येतं. लाळग्रंथींच्या पेशी मात्र संथ. नियमाप्रमाणे त्या टिकायला हव्या होत्या. पण किरण घेतलेल्या माणसाचं तोंड कोरडं पडतं, हे १९११ मध्ये नोंदवलं ते याच बर्गोनिएंनी. नियम ज्यांचा, अपवादही त्यांनाच दिसला! (पुढे किरणांपायी त्यांचा हात गेला आणि १९२५ मध्ये जीवही.)

मग पुढे काय झालं? तसं बरंच झालं. १९२०च्या दशकात पॅरिसमध्ये रगो आणि कुतार यांनी एकदम मोठा डोस न देता तो दिवसांमध्ये वाटून द्यायची पद्धत बसवली. मामाच्या आठवड्याला पाच अशा सहा आठवड्यांच्या फेऱ्यांचं मूळ तिथे आहे. १९५१ मध्ये कॅनडात कोबाल्टची मशीन्स आली. पण किरण साधारणपणे दोन्ही गालांकडून आरपार सोडायचे, आणि कानापुढच्या मोठ्या लाळग्रंथी नेमक्या वाटेत. गाठ गेली ना, मग काम फत्ते. खाता येत नाही? मग तोंडालाच बायपास. १९७९ मध्ये क्लीव्हलंडला दुर्बिणीच्या मदतीने थेट जठरात नळी बसवायची युक्ती निघाली. तिने अनेकांना जगवलंय, नावं ठेवत नाही. पण घास म्हणजे नुसत्या कॅलरीज नव्हेत ना...

लाळ वाचवायला शेवटी कामी आला तो कॉम्प्युटर. पूर्वी किरणांच्या दिशा आधी ठरवायच्या आणि डोस कुठे किती पडतो ते मग बघायचं. आता उलटं. गाठीच्या जागी ६० ग्रेच्या वर हवेत, लाळग्रंथीत सरासरी २५ च्या आसपासच, अशा अटी घालायच्या आणि किरणांचा आकार प्रोग्रामने शोधायचा. २०११ मध्ये ब्रिटनमधल्या 'पार्सपोर्ट' चाचणीचे निकाल आले. रुग्ण घशाच्या कॅन्सरचे होते. वर्षभरानंतर जुन्या पद्धतीत ७४ टक्के लोकांना त्रासदायक कोरड होती, नव्या पद्धतीत ३८ टक्के. १९११ ते २०११. बरोब्बर शंभर वर्षं!

पण ३८ म्हणजे शून्य नव्हे. चव बहुतेकांची काही महिन्यांत परतू लागते. लाळ मात्र वर्ष-दोन वर्षं हळूहळू सुधारते, आणि काहींची पूर्ण कधीच येत नाही. लाळ कमी म्हणजे दात किडणार, म्हणून फ्लोराइड आणि दातांच्या डॉक्टरकडे फेऱ्या. जबडा आखडू नये म्हणून रोज व्यायाम. हे सगळं 'मऊ आहार'मध्ये कसं मावणार? तुमच्या घरी कुणाचं रेडिएशन सुरू होणार असेल, तर लाळग्रंथी किती वाचवता येतील, हे आधीच विचारा.

रविवारी हे सगळं मामाला सांगितलं. तो शांतपणे ऐकत होता. मग म्हणाला, "म्हणजे मी नाटकं करत नाहीये तर."

मामी काही बोलली नाही. उठली आणि त्याच्या भातावर वाटीभर कोमट कढी ओतली.