साखर, मीठ आणि पाणी

माझ्या आजीची दोन मुलं जुलाबाने गेली. पाणी दिलं की जुलाब वाढतात, असा तेव्हा समज होता. त्यामुळे पोरांचं पाणीच तोडायचे. खरं तर औषध घरातच होतं! एक लिटर स्वच्छ पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. बस्स. फक्त ते सांगणारं कोणी नव्हतं.

आपल्या नगर जिल्ह्यात (आता अहिल्यानगर) सांगणारी माणसं जामखेडला आली १९७० साली. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे. आधी त्यांनी शिकलेल्या नर्सेस गावांत पाठवून पाहिल्या, पण जमेना. मग गावातल्याच बायका निवडल्या. बऱ्याचशा निरक्षर, कित्येक दलित. हात धुणं, नखं कापणं, पिण्याचं पाणी झाकणं, सांडपाण्याला शोषखड्डा, नाळ कापायला उकळलेलं ब्लेड... हे सगळं त्या शिकल्या आणि घरोघरी शिकवू लागल्या. शिकताना सगळ्या जातींच्या बायका एकत्र राहत, जेवत. तोही एक धडाच.

१९७९ मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मला मात्र त्याहून मोठं वाटतं ते हे, की डॉक्टरांनी आपलं ज्ञान मुठीत धरून ठेवलं नाही. ज्या बाईच्या हातचं पाणी गाव पीत नव्हतं, तिचाच सल्ला गाव ऐकू लागलं.

२००५ पासून देशभर 'आशा' आल्या, त्याही याच वाटेवरच्या. आपल्या दारात आशाताई आल्या, की उंबऱ्यावरूनच बोलून पाठवू नका. आत बोलवा, पाणी द्या, दोन मिनिटं ऐका.